रंग नवा, धातू मात्र जुनाच!

जुनी वस्तू दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणे ही चांगली गोष्ट आहे, याबद्दल दुमत नसावे. जुनी घड्याळे, जुने रेडिओ, जुनी शिवणयंत्रे यांना नवे आयुष्य देणारे हौशी लोक सर्व देशांत आढळतात. गेल्या काही वर्षांत त्यांच्या यादीत आणखी एका वस्तूची भर पडली आहे. ती म्हणजे १९८० व १९९० च्या दशकांत अमेरिकेत तयार झालेल्या, ॲल्युमिनियमची फ्रेम असलेल्या डोंगरी सायकली, अर्थात माउंटन बाइक. अडगळीत पडलेली फ्रेम मिळवायची, तिचा जुना रंग खरवडून काढायचा, नवा रंग द्यायचा, कंपनीची जुन्या वळणाची अक्षरे पुन्हा चिकटवायची आणि सायकल पुन्हा डोंगरात न्यायची, असा हा छंद आहे.

या छंदाला माझा विरोध नाही. उलट, हाताने काम करत पदार्थविज्ञान शिकण्याची इतकी चांगली संधी क्वचितच मिळते. माझा आक्षेप आहे तो कामाच्या क्रमाला. बहुतेक हौशी लोक सुरुवात रंगापासून करतात आणि शेवटही रंगापाशीच करतात. ही फ्रेम माणसाचे वजन अजून पेलू शकते का, हा प्रश्न अनेकदा विचारलाच जात नाही. माझ्या मते तो प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत रंगाच्या डब्याला हात लावू नये. असे मी का म्हणतो, हे समजण्यासाठी आपल्याला थोडा इतिहास आणि थोडे पदार्थविज्ञान पाहावे लागेल.

डोंगरातल्या उतारावर

कॅलिफोर्नियाच्या उत्तर भागात मरीन नावाचा परगणा आहे. तेथील टॅमलपैस पर्वताच्या परिसरात १९७० च्या दशकात काही तरुण जुन्या, दणकट पोलादी सायकली घेऊन कच्च्या रस्त्यांवरून भरधाव खाली येत. १९७६ च्या ऑक्टोबरात त्यांनी तेथील एका उतारावर पहिली शर्यत घेतली. त्या उताराला 'रीपॅक' असे नाव पडले होते. खाली येईपर्यंत मागच्या चाकातील ब्रेक इतका तापे की त्यातले ग्रीस जळून जाई आणि ते पुन्हा भरावे लागे. स्थितिज ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर कसे होते, याचे हे मोठे बोलके उदाहरण आहे.

पुढे खास डोंगरासाठी सायकली बनू लागल्या. आरंभीच्या बहुतेक सायकली पोलादीच होत्या. मॅसॅच्युसेट्समधील एमआयटी या प्रसिद्ध संस्थेत शिकत असताना गॅरी क्लाइन याने १९७० च्या दशकात ॲल्युमिनियमच्या सायकलींवर काम सुरू केले होते. कॅननडेल या कंपनीने १९८४ मध्ये ॲल्युमिनियमची डोंगरी सायकल बाजारात आणली. या दोघांच्याही सायकलींचे वैशिष्ट्य एकच होते. त्यांच्या नळ्या पोलादी सायकलीच्या नळ्यांपेक्षा बऱ्याच मोठ्या व्यासाच्या होत्या. पाहणाऱ्याला ती सायकल बोजड वाटे. उचलली की ती हलकी आहे हे कळे.

मोठ्या व्यासाचे रहस्य

ॲल्युमिनियमची घनता २.७ आणि पोलादाची सुमारे ७.८५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर. म्हणजे ॲल्युमिनियम साधारण तिप्पट हलके. परंतु त्याचा यंग गुणांकही सुमारे ७० गिगापास्कल, म्हणजे पोलादाच्या जवळजवळ एक तृतीयांशच आहे. तेव्हा पोलादी नळीच्याच मापाची ॲल्युमिनियमची नळी घेतली, तर वजन एक तृतीयांश होईल; पण ती तिप्पट लवचीकही होईल. अशा फ्रेमची सायकल पॅडल मारताच डुलू लागेल.

यातून मार्ग काढला तो भूमितीने. पातळ पत्र्याच्या नळीचा ताठपणा तिच्या त्रिज्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, वजन मात्र त्रिज्येच्या साध्या प्रमाणात वाढते. आता पत्र्याची जाडी तीच ठेवून ॲल्युमिनियमच्या नळीचा व्यास पोलादी नळीच्या दीडपट करा. दीडचा घन ३.३७५. त्याला एक तृतीयांशाने, अधिक काटेकोरपणे ०.३४ ने गुणले की १.१५ येतात. म्हणजे नळी पोलादी नळीपेक्षा १५ टक्के अधिक ताठ झाली. वजन झाले दीड गुणिले ०.३४, म्हणजे जवळजवळ निम्मे. ताठपणा वाढला आणि वजन निम्म्यावर आले!

याच गणितातून आणखी एक गोष्ट निघते आणि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे. नळी वाकवली असता तिच्या पृष्ठभागावर जे प्रतिबल येते, म्हणजे एकक क्षेत्रफळावर जे बल येते, ते त्रिज्येच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. व्यास दीडपट केल्यावर तेवढ्याच भाराने येणारे प्रतिबल २.२५ ने भागले जाईल, म्हणजे ४४ टक्क्यांवर येईल. मोठ्या व्यासाची नळी ही केवळ दिखाऊपणाची बाब नव्हती. धातूला कमी कष्ट पडावेत, अशी ती योजना होती.

धातू थकतो म्हणजे काय?

धातूला कमी कष्ट पडावेत याची एवढी चिंता का करायची? कारण धातू थकतो. एका धक्क्याने न मोडणारी वस्तू तसे लहान धक्के लाखो वेळा बसले की मोडते. जर्मन अभियंता ऑगस्ट वोलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रेल्वेच्या आसांवर पद्धतशीर प्रयोग करून हे दाखवून दिले. आस एकदाच भार लावून मोडायचा झाल्यास फार मोठा भार लागे. परंतु पुनःपुन्हा भार देत राहिल्यास तो त्यापेक्षा पुष्कळच कमी भाराखाली मोडे.

येथे पोलाद आणि ॲल्युमिनियम यांच्या स्वभावात फरक आहे. पोलादाला सर्वसाधारणपणे एक सुरक्षित मर्यादा असते. प्रतिबल तिच्या खाली राहिले आणि गंजाचा उपद्रव नसला, तर कितीही फेऱ्या झाल्या तरी ते टिकते, असे व्यवहारात धरून चालता येते. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नसते. प्रतिबल जितके कमी तितके आयुष्य अधिक, एवढेच सांगता येते. म्हणून अभियंते ॲल्युमिनियमची शक्ती सांगताना फेऱ्यांची संख्याही सांगतात. सायकलींसाठी फार वापरल्या गेलेल्या ६०६१ या मिश्रधातूचेच उदाहरण घ्या. उष्णतेची पूर्ण प्रक्रिया केल्यावर तो एकदाच ताणला, तर सुमारे २७५ मेगापास्कलपर्यंत कायमचा वाकत नाही. ५० कोटी फेऱ्या टिकायच्या असतील, तर मात्र प्रतिबल शंभराच्या आतच ठेवावे लागते.

हा धडा जगाला फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला. १९५४ च्या जानेवारीत आणि एप्रिलमध्ये ब्रिटिश बनावटीची दोन कॉमेट जेट विमाने इटलीजवळ समुद्रात कोसळली. कारण शोधण्यासाठी फार्नबरो येथील संशोधकांनी एक संपूर्ण विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात पुनःपुन्हा दाब दिला आणि काढला. सुमारे ३,००० उड्डाणांइतक्या फेऱ्या झाल्यावर त्याचे ॲल्युमिनियमचे कवच फाटले. आज विमानांचे आयुष्य मोजताना उड्डाणांची संख्या जपून नोंदवतात आणि ठरावीक फेऱ्यांनंतर तडे शोधतात, त्यामागे हा इतिहास आहे.

वय वर्षांत मोजू नका

आता सायकलीकडे येऊ. पॅडल मिनिटाला ६० फेरे घेत असेल, तर दोन्ही पायांचे मिळून मिनिटाला १२० दाब पडतात, म्हणजे तासाला ७,२००. वर्षाला ३०० तास सायकल चालवणारा माणूस फ्रेमला वर्षात २१ लाख ६० हजार वेळा वाकवतो. २५ वर्षांत ही संख्या ५ कोटी ४० लाख होते. खडकांचे, उड्यांचे, खड्ड्यांचे धक्के वेगळेच. ते संख्येने कमी, पण जोराने पुष्कळ अधिक असतात.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. फ्रेम १९८८ ची आहे की १९९५ ची, हे वय फारसे उपयोगाचे नाही. खोलीत तीस वर्षे टांगून ठेवलेली फ्रेम थकव्याच्या दृष्टीने तरुण असू शकते आणि पाच वर्षे शर्यतीत पिटाळलेली फ्रेम म्हातारी. झालेल्या फेऱ्यांचा हिशेब धातूच्या आत राहतो. वरचा रंग तो पुसू शकत नाही. फ्रेम विकत घेताना आधीच्या मालकाचे वजन किती होते, तो कोठे आणि किती सायकल चालवीत असे, ती कधी जोरात आपटली होती का, हे प्रश्न किमतीच्या आधी विचारले पाहिजेत.

आधी तपासणी

फ्रेम आधी स्वच्छ धुवावी. नंतर चांगल्या उजेडात, बहिर्गोल भिंग घेऊन काही जागा बारकाईने पाहाव्यात. पुढचा चिमटा ज्या आखूड नळीत फिरतो, तिला खालची तिरपी नळी जेथे मिळते, तो सांधा आणि त्याच्या खालची बाजू ही पहिली जागा. सीटची दांडी आवळतात तेथील चीर, पॅडलच्या आसाभोवतीचे सांधे, मागच्या चाकाचे दोन्ही आधार, आणि साखळी अडकून ओरखडे पडलेली मागची नळी या पुढच्या जागा. तडा बहुधा सांध्याच्या कडेला सुरू होतो.

ओरखड्याला क्षुल्लक समजू नये. १९१३ मध्ये चार्ल्स इंग्लिस या इंग्रज अभियंत्याने पत्र्यातील लंबवर्तुळाकार छिद्राभोवतीचे प्रतिबल गणिताने काढले. ओढीला आडवे असलेले छिद्र रुंदीच्या दहापट लांब असेल, तर त्याच्या टोकाशी प्रतिबल एकवीसपट होते! मोठ्या व्यासाने कमी केलेले कष्ट एखादा तीक्ष्ण, आडवा ओरखडा त्या जागेपुरते पुन्हा वाढवून ठेवतो.

रंगाला गेलेली भेग आणि धातूला गेलेला तडा यांत फरक करणे डोळ्यांना अवघड असते. म्हणून संशयाच्या जागी रंग काढावा लागतो. पोलादातील तडे चुंबक आणि लोहकण वापरून शोधता येतात. ॲल्युमिनियमला चुंबक धरत नाही, त्यामुळे ती युक्ती येथे निरुपयोगी. त्याऐवजी पृष्ठभागावर लाल रंगाचा पातळ द्रव लावतात. केशाकर्षणामुळे तो बारीक तड्यात शिरतो. काही वेळाने वरचा द्रव पुसून पांढऱ्या भुकटीचा थर देतात. तड्यातला द्रव भुकटीत शोषला जातो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. वर्गात शिकलेल्या केशाकर्षणाचा याहून चांगला उपयोग मला तरी माहीत नाही.

रंग काढतानाही धातूचा स्वभाव ओळखावा लागतो. कॉस्टिक सोड्याने रंग निघतो खरा. पण त्यात ॲल्युमिनियमही विरघळते आणि ज्वालाग्राही हायड्रोजन वायू बाहेर पडतो. कठीण वाळूचा जोरदार मारा केला, तर पातळ पत्रा झिजतो, शिवाय मऊ धातू पसरून तड्याचे तोंड झाकले जाऊ शकते. ॲल्युमिनियमला चालेल असे सौम्य साधन जाणकाराकडूनच वापरून घ्यावे.

पोलादी भाग ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये घट्ट अडकलेला असणे ही जुन्या फ्रेमची नेहमीची तक्रार. दोन भिन्न धातू आणि मध्ये घामाचे किंवा रस्त्यावरचे खारट पाणी, म्हणजे विद्युतघटच झाला. त्यात ॲल्युमिनियम झिजते आणि तयार झालेली पांढरी भुकटी अधिक जागा व्यापून सांधा जाम करते. येथे हातोडा घेण्याआधी प्रसरण गुणांक आठवावेत. ॲल्युमिनियम एका अंशाला दशलक्ष भागांत २३ भाग वाढते, पोलाद सुमारे १२. पॅडलच्या आसाचा ३५ मिलिमीटर व्यासाचा पोलादी कप उकळत्या पाण्याने ८० अंशांनी तापवला, तर त्याच्याभोवतीची ॲल्युमिनियमची नळी त्याच्यापेक्षा सुमारे ०.०३ मिलिमीटर अधिक फुगते. ऐकायला हे अंतर अगदी थोडे वाटते. पण पकड ढिली करायला ते पुष्कळदा पुरते.

झाळ देऊन भागत का नाही?

तडा सापडला, तर झाळून घ्यावा, असे कोणीही म्हणेल. आपल्याकडील सायकली पिढ्यान्‌पिढ्या पोलादी आहेत. नळी तुटली की कोपऱ्यावरच्या दुकानात गॅसवर पितळेची झाळ देऊन ती जोडून मिळते आणि पुढे वर्षानुवर्षे चालते. साध्या पोलादाला हे सोसते, कारण त्याची शक्ती कोणत्याही नाजूक उष्णताप्रक्रियेवर अवलंबून नसते.

६०६१ ची गोष्ट वेगळी. १९०६ च्या सुमारास आल्फ्रेड विल्म या जर्मन संशोधकाला असे आढळले की, ॲल्युमिनियमचा त्याचा मिश्रधातू तापवून एकदम थंड केल्यावर नुसता ठेवून दिला, तरी काही दिवसांत आपोआप कठीण होतो. आत अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते धातूच्या थरांना एकमेकांवरून घसरू देत नाहीत. ६०६१ मध्ये हे कण मॅग्नेशियम आणि सिलिकॉन यांचे असतात. त्यासाठी धातू सुमारे ५३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून पाण्यात विझवतात आणि मग १६० ते १८० अंशांवर काही तास ठेवतात. कणांचा आकार बरोबर साधला, तरच शक्ती मिळते. कढवलेले तूप झटपट निववले तर बारीक आणि सावकाश निववले तर मोठा रवा पडतो, हे आपण घरी पाहतोच. धातूच्या आतही उष्णतेचा इतिहास कणांच्या आकारावरून कळतो.

झाळ देताना सांध्याजवळचे हे कण विरघळतात किंवा नको तेवढे मोठे होतात. पूर्णपणे मऊ पडलेल्या ६०६१ ची शक्ती २७५ वरून सुमारे ५५ मेगापास्कलवर येते. झाळीजवळचा पट्टा इतका मऊ पडला नाही, तरी तो मूळच्या धातूपेक्षा बराच दुबळा होतो, आणि तोही नेमका जेथे आधीच तडा गेला होता त्या जागी. सांधा खऱ्या अर्थाने दुरुस्त करायचा, तर झाळीनंतर संपूर्ण फ्रेम साच्यात धरून पुन्हा भट्टीत घालावी लागेल. असे करता येते. पण त्याचा खर्च बहुधा फ्रेमच्या किमतीहून अधिक होतो. म्हणून माझे मत स्पष्ट आहे. मुख्य सांध्याला तडा गेलेली फ्रेम भिंतीवर शोभेसाठी टांगावी किंवा वितळवायला द्यावी. ती झाळून, रंगवून रस्त्यावर आणू नये. पुढचा सांधा वेगात असताना सुटला, तर स्वार तोंडावर आपटतो, आणि सावरायला वेळ मिळत नाही.

रंग भट्टीत भाजून घेतानाही हेच भान हवे. भुकटीच्या रंगासाठी भट्टी २०० अंशांच्या आसपास ठेवतात. काही मिनिटांनी बिघडत नाही. पण वारंवार आणि दीर्घ काळ भाजल्यास कण वाढू लागतात. त्या काळी ट्रेकसारख्या कंपन्यांनी काही फ्रेमच्या नळ्या झाळण्याऐवजी इपॉक्सी चिकटद्रव्याने जोडल्या होत्या. अशी फ्रेम भट्टीत घालणे म्हणजे तिचे सांधे आपल्याच हाताने सैल करणे होय.

टाकाऊ ठरवण्याची घाई नको

याच्या अगदी उलट मत मांडणारेही आहेत. ॲल्युमिनियमला सुरक्षित मर्यादा नाही, तेव्हा जुनी फ्रेम सरसकट मोडीत काढा, असे ते म्हणतात. हेही शास्त्राला धरून नाही. मर्यादा नाही याचा अर्थ ती लवकरच मोडेल असा नव्हे. प्रतिबल निम्मे केले, तर आयुष्य दुप्पट न होता कितीतरी पटींनी, अनेकदा दहापटीहूनही अधिक वाढते. मोठ्या व्यासाच्या नळ्यांनी नेमके हेच साधले होते. ॲल्युमिनियमची विमाने दशकानुदशके उडतात ती याच कारणाने, आणि वेळोवेळी तपासली जातात म्हणून.

शिवाय खनिजापासून एक किलो ॲल्युमिनियम मिळवताना केवळ विद्युतविघटनालाच सुमारे १४ युनिट वीज लागते. मोड वितळवून ते मिळवायला खनिजापासूनच्या एकंदर ऊर्जेच्या जेमतेम पाच टक्के पुरते. पण चांगली फ्रेम आहे तशी वापरत राहिल्यास तीही वाचते. तपासणीत निर्दोष ठरलेली फ्रेम जरूर वापरावी, दर काही महिन्यांनी त्याच जागा पुन्हा पाहाव्यात आणि उड्या मारण्याचे काम दुसऱ्या सायकलीवर सोपवावे.

"सायकल माझी, धोकाही माझा," असे कोणी म्हणेल. परंतु नवा रंग लावलेली फ्रेम पुष्कळदा विकली जाते, धाकट्या भावाला किंवा मुलीला दिली जाते. रंगाखाली काय होते, हे त्या नव्या स्वाराला कळण्याचा मार्ग उरत नाही. म्हणून रंग देण्यापूर्वी उघड्या धातूची छायाचित्रे घ्यावीत, कोठे काय आढळले ते कागदावर लिहावे, आणि तो कागद फ्रेमबरोबर पुढच्या मालकाला द्यावा. जुन्या वस्तूंच्या हौशी लोकांनी हा नियम स्वतःहून पाळावा, असे मला वाटते.

शिक्षकांना विनंती

हूकचा नियम शिकवताना आपण प्रयोगशाळेत तार थोडीशी ताणतो आणि तिची वाढ मोजतो. परंतु वापरातल्या वस्तू बहुधा एकाच ओढीने मोडत नाहीत. त्या पुनःपुन्हा वाकून मोडतात. हा भाग आपल्या शिकवण्यात फार थोडा येतो. त्यासाठी खर्चही नाही. वायरमनकडून ॲल्युमिनियमच्या निरुपयोगी तारेचे एकसारखे तुकडे आणा. दहा तुकडे ९० अंशांतून, दहा ६० अंशांतून आणि दहा ३० अंशांतून, तुटेपर्यंत पुढेमागे वाकवा आणि वाकवण्याची संख्या आलेखावर मांडा. फ्रेममधला थकवा याहून पुष्कळ कमी प्रतिबलाचा असतो. पण कोन लहान केला की संख्या कशी वाढते, हे मुलांना कळेल. त्याच कोनातले दहा तुकडे दहा वेगळ्या संख्यांना तुटतात, हेही दिसेल. सरासरी हाती आली, तरी आपल्या हातातला तुकडा केव्हा तुटेल हे तीवरून सांगता येत नाही, ही गोष्ट मुलांच्या मनावर ठसली पाहिजे.

दुसरा प्रयोग ड्रॉइंगच्या कागदाचा. सारख्या आकाराचे दोन कागद घ्या. एकाची अरुंद, अनेक पदरी नळी करा आणि दुसऱ्याची रुंद, एकपदरी. दोन्ही टोके पुस्तकांवर टेकवून मध्ये एकेक नाणे ठेवत जा आणि नळी किती वाकते ते पट्टीने मोजा. वजन तेच असूनही रुंद नळी कमी वाकेल. मात्र भार वाढत गेला की ती एकाएकी चेपेल. पत्रा किती पातळ करता येईल, याला मर्यादा का आहे, हा प्रश्न मग मुलेच विचारतील. पदार्थविज्ञानाच्या तासाला असे प्रश्न निघाले, तर पुढे ही मुले कोणतीही जुनी वस्तू हाती घेतील तेव्हा आधी तिची तपासणी करतील आणि रंगाचा विचार नंतर करतील, अशी मला आशा वाटते.